सर्बो-क्रोएशियन पेटंट: अनुवादक शोधण्याआधी कागद बघा

मकरपुऱ्यातल्या तुमच्या कारखान्याच्या वाटेत बेलग्रेडचं एक पेटंट आडवं आलंय आणि ते इंग्रजीत करून देणारा ‘सर्बो-क्रोएशियन’चा माणूस हवाय, असं विचारलंत. बडोद्यात पेटंट-ट्रेडमार्कचंच काम करतो, म्हणून लिहितोय.

आधी एस्पेसनेटवर, म्हणजे युरोपीय पेटंट कार्यालयाच्या पेटंट शोधायच्या साइटवर, नंबर टाका. सर्बिया ऑक्टोबर २०१० पासून युरोपीय पेटंट करारात आहे. तिथली बरीच पेटंटं मुळात युरोपीय असतात, आणि मंजूर युरोपीय पेटंटचे क्लेम (नेमका कशावर हक्क आहे ते सांगणारी वाक्यं) इंग्रजी, फ्रेंच, जर्मन तिन्हींत छापतात. तसं निघालं तर अनुवादाचे पैसे वाचले.

नाही निघालं, तर सर्बियनचाच माणूस शोधा; ‘सर्बो-क्रोएशियन’ हे जुनं एकत्र नाव, आता सर्बियन आणि क्रोएशियन वेगळ्या धरतात. बोलताना सर्ब आणि क्रोएट एकमेकांना सहज समजतात, कायद्याचे शब्द मात्र वेगळे झालेत. शोधाला बेलग्रेडचा (सर्बियाचा) कागद ‘प्रोनालाझाक’ म्हणतो, झाग्रेबचा (क्रोएशियाचा) ‘इझुम’. सिरिलिक लिपीचे जादा पैसे कोणी मागितले तर देऊ नका. तिकडे पोरं शाळेतच दोन्ही लिप्या शिकतात, आपल्या पणजोबांचं मोडी-बाळबोध चालायचं तसं.

कोर्टाच्या अनुवादकांची यादी सर्बियाच्या न्याय मंत्रालयाकडे मिळते. पण शिक्का असला म्हणजे पेटंट कळतं असं नाही. तोच माणूस सकाळी जन्मदाखले करत असतो. माझ्या एका ट्रेडमार्कच्या कामात एजन्सीनं ‘झिग’चं सरसकट ‘स्टॅम्प’ करून पाठवलं. झिग म्हणजे शिक्का हे खरंच, पण या कायद्यात झिग म्हणजे ट्रेडमार्क! अकरा पानं परत पाठवली, वर आठवडा गेला तो वेगळाच.

तेव्हापासून दर ठरवण्याआधी मी एकच क्लेम नमुन्याला देतो, ज्यात ‘ओबुहवाता’ आणि ‘सास्तोयी से ओद’ दोन्ही असतील असा. पहिल्याचं ‘कम्प्रायझिंग’ (हे आहे, आणखीही काही असू शकतं) व्हायला हवं, दुसऱ्याचं ‘कन्सिस्टिंग ऑफ’ (एवढंच आहे). चार घटकांच्या मिश्रणात तुम्ही पाचवा घातलात, तर पहिल्या शब्दानं तुम्ही बहुधा अडकता, दुसऱ्यानं बहुधा सुटता. तुमचं सगळं प्रकरण त्या एका क्रियापदावर उभं असू शकतं. नमुन्यात आकडेही असू द्या: तिकडे २,५ म्हणजे अडीच आणि १.२५० म्हणजे साडेबाराशे.

नुसतं वाचायचं असेल तर वर्णनाची पानं मशीनवर काढा, क्लेम तेवढे माणसाकडून करून घ्या. कुठे दाखल करायचं असेल, तर भाषांतर बरोबर असल्याचं अनुवादकाचं सहीचं प्रमाणपत्र सुरुवातीलाच ठरवून घ्या. काम झाल्यावर मागितलं की लोक वेगळं बिल लावतात.