पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार) फक्त सैनिकांनाच होतो का? घरचे म्हणतात, "मन घट्ट कर, होईल ठीक." त्यांना कसं समजावू?

नाही, कुणालाही होऊ शकतो. अपघात, लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, भूकंप, अगदी आयसीयूतले दिवससुद्धा पुरतात. सैनिकांशी नाव जोडलं गेलं ते पहिल्या महायुद्धापासून. तेव्हा त्याला 'शेल शॉक' म्हणत आणि कित्येकांना सरळ भित्रं ठरवत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत हा आजार १९८० साली आला.

घरच्यांना व्याख्या सांगत बसू नका, दिसतं ते दाखवा. मागून कुणी हाक मारली की हातातला कप सुटतो. हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसायचं. अपघाताचा रस्ता टाळायला लांबचा फेरा. झोपेत ओरडून जागं होणं. हे महिन्याहून जास्त चाललं आणि रोजच्या कामात आड येऊ लागलं, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून केली जाणारी उपचारपद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत) या उपचारांनी बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो, गरज पडल्यास औषधंही असतात.

आणि हो, "नेमकं काय झालं ते सांग ना" असं खोदून विचारू नका, असं घरच्यांना आधीच बजावा. (काळजीपोटीच विचारतात, पण त्रास वाढतो.) त्यापेक्षा "डॉक्टरांकडे सोबत येऊ का?" एवढं विचारलं तरी खूप. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर मात्र थांबू नका, आजच मदत घ्या.