रामगढ सापडत नाही तेव्हा

प्रश्न: परदेशात वाढणाऱ्या मुलांना आपला देश कळावा म्हणून आम्ही शनिवारी रात्री गावाकडचे सिनेमे लावतो. परवा 'शोले' झाला आणि अकरा वर्षांची लेक मॅपवर रामगढ शोधत बसली. त्या नावाची गावं सापडली, पण ते खडक कुठेच दिसेनात. 'मग सगळं खोटंच ना?' म्हणाली. काय सांगू?

उत्तर: आधी तिला ते खडक दाखवून टाका. ते बंगळुरूजवळ, रामनगरला आहेत. डाकू उत्तरेच्या वळणाचे, खडक कर्नाटकातले. पाठोपाठ 'स्वदेस'चं गावही दाखवा. पडद्यावर ते उत्तरेत आहे, पण तो घाट आपल्या वाईजवळच्या मेणवलीचा. मुलं हे ऐकून खट्टू होत नाहीत, उलट चेकाळतात. दर सिनेमाला 'हे खरं कुठलं?' सुरू होईल, त्याची तयारी ठेवा.

पण खोटं म्हणून सोडून देऊ नका. अख्ख्या देशाला 'आपलं' वाटेल असं गाव एका जिल्ह्याचं असून चालत नाही, म्हणून ते असं जुळवावं लागतं. 'मदर इंडिया' स्वातंत्र्यानंतर दहाच वर्षांनी, १९५७ साली आला. सुरुवातीलाच म्हातारी राधा मातीचं ढेकूळ उचलते आणि मागे ट्रॅक्टर, धरणाची कामं दिसतात. नव्या देशाला स्वतःचं जे चित्र हवं होतं ते एका बाईच्या हातात ठेवलंय. त्यात ती कुठल्या तालुक्यातली हे कोणी विचारत नाही.

हे फक्त आपणच करतो असं मात्र लेकीला वाटू देऊ नका. अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६) टेक्सासची गोष्ट सांगतो आणि दाखवतो युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरची मॉन्युमेंट व्हॅली. ती जमीन नवाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांची. सिनेमातले कोमांची, म्हणजे दुसऱ्याच मूळनिवासी जमातीचे, म्हणून उभे केलेले लोकही बरेचसे नवाहोच! जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर शहरं ढिगाऱ्यात होती, तेव्हा थिएटरात हिरवी माळरानं आणि आल्प्सची गावं यांची चलती होती. तुम्ही राहता त्या देशाचाही असा एखादा सिनेमा एका शनिवारी लावा आणि तिला एकच विचारा: या गावात कोण दिसत नाही?

हा प्रश्न मग आपल्या सिनेमालाही लागू होतो. आणि इथे मी थोडी पक्षपाती आहे, तिला 'फँड्री' दाखवाच. तुम्ही सोबत बसा, कारण शिव्या आहेत आणि तिला खूप काही समजावून सांगावं लागेल. शेवटाकडे, खालच्या मानलेल्या जातीतल्या शाळकरी जब्याचं कुटुंब शाळेजवळ डुक्कर धरायला धावतंय. डुक्कर हाताशी आलंय आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, घरचे सगळे थांबतात. डुक्कर निसटतं. तिथे सिनेमा थांबवा आणि काही बोलू नका, तिलाच बोलू द्या. माझ्या मते देश आणि गाव यांच्याबद्दल आपल्याकडे यापेक्षा थेट काही चित्रित झालेलं नाही. तरी यात गाणी-हिरवळ नाही म्हणून आपण परदेशात पाहुण्यांसमोर हा लावत नाही. लावतो तो सोनेरी शेतांचा.

यात चूक कोणाची नाही. गाव सोडलेल्या माणसाला गाव नेहमी संध्याकाळच्या उन्हातच आठवतं. पण आपली ती हुरहूर मुलांच्या डोक्यात देश म्हणून बसते, आणि सुट्टीत भारतात उतरल्यावर बसस्टँडवरची गर्दी, मोबाईलचे टॉवर, उसाच्या ट्रॉल्या बघून ती म्हणतात, 'हे इंडिया नाही वाटत.' हे वाक्य ऐकायचं नसेल तर तिकीट काढण्याआधी 'सैराट'चा करमाळ्याकडचा भाग तरी दाखवून ठेवा. तिथली भाषा त्याच मातीतली आहे, कोणासाठी धुऊन-पुसून घेतलेली नाही.

घरात कोणी वडीलधारं गावात वाढलेलं असेल तर पुढच्या शनिवारी त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. सिनेमात विहिरीचा प्रसंग आला की लेकीला विचारू द्या, 'आजोबा, तुमच्या विहिरीवर कोण कोण यायचं? आणि कोण नाही?' दुसऱ्या प्रश्नाला ते क्षणभर थांबतील. फोन म्यूट करू नका.