वाचकांचे प्रश्न : छोट्या बोर्डावरचे रँडम आकडे

प्रश्न : रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणक-बोर्डावर हार्डवेअरचा रँडम जनरेटर (अंदाज न बांधता येणारे आकडे देणारा चिपमधला भाग) सुरू करायचा आहे. जुन्या माहितीप्रमाणे मॉड्यूलच्या यादीत 'बीसीएम२७०८-आरएनजी' ही ओळ घातली, तर बूट होताना 'मॉड्यूल सापडलं नाही' असं येतं. डेव्ह फोल्डरमध्ये एचडब्ल्यूआरएनजी फाइल दिसते, पण ती '<' चिन्हाने आरएनजीटेस्टला (असे आकडे तपासणाऱ्या प्रोग्रॅमला) दिली की सुडो (रूट म्हणजे मुख्य खात्याचे अधिकार देणारी आज्ञा) लावूनही 'परवानगी नाही' असंच उत्तर मिळतं.

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत. ती ओळ आधी काढून टाका. ते ड्रायव्हरचं जुनं नाव आहे. पाय १ ते ३ साठी आता बीसीएम२८३५-आरएनजी आणि पाय ४ साठी आयप्रॉक-आरएनजी२०० हे ड्रायव्हर आहेत, आणि डिव्हाइस ट्रीमुळे (बोर्डावर कोणते भाग आहेत हे सांगणाऱ्या यादीमुळे) ते आपोआप लोड होतात. पूर्वी कॉन्फिग फाइलमध्ये 'डीटीपॅराम=रँडम=ऑन' लिहावं लागे; आता ते मुळातच चालू असतं. कोणी 'ऑफ' करून ठेवलेलं नाही ना, एवढं पाहा.

फाइल दिसली म्हणजे जनरेटर चालू आहे असं मात्र धरू नका. ती फाइल कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) सामाईक भाग तयार करतो. मागे ड्रायव्हर नसेल तर वाचताना 'असं उपकरण नाही' असं उत्तर येतं. खात्री करायची जागा म्हणजे सिस/क्लास/मिस्क/एचडब्ल्यू_रँडम फोल्डरमधली आरएनजी_करंट फाइल. पाय ३ वर तिच्यात '३एफ१०४०००.आरएनजी' असं नाव दिसायला हवं.

आता परवानगीचं. ती फाइल फक्त रूटला वाचता येते. '<' चिन्हापुढची फाइल सुडो सुरू होण्याआधी तुमचं शेल उघडतं, तेही तुमच्या साध्या खात्याने. म्हणून सुडोचा तिथे काहीच उपयोग होत नाही. सुडो कॅटने फाइल वाचा आणि पाइपने आरएनजीटेस्टकडे द्या, हजार ठोकळे तपासायला '-सी १०००' लावून. प्रत्येक ठोकळा २०,००० बिटांचा, म्हणजे एकूण २५ लाख बाइट तपासले जातील. हजारात एखाददुसरा ठोकळा नापास झाला तर घाबरू नका. अस्सल रँडम आकड्यांतही तेवढे नापास होतातच. दहा-वीस नापास झाले तर मात्र त्या बोर्डावर विसंबू नका. ही चाचणी मोडलेला जनरेटर पकडते, आकड्यांचा अंदाज बांधता येतो की नाही हे तिला कळत नाही. साधा सॉफ्टवेअर जनरेटरही तिच्यात सहज पास होतो.

शेवटचा टप्पा म्हणजे हे आकडे कर्नलच्या साठ्यात, म्हणजे सगळे प्रोग्रॅम जिथून रँडम आकडे घेतात तिथे, पोचवणं. प्रोसेसच्या यादीत चौकटी कंसात 'एचडब्ल्यूआरएनजी' दिसत असेल, तर कर्नल ते काम स्वतःच करतोय. ६.२ पासूनच्या कर्नलमध्ये सहसा असंच असतं. नसेल तर आरएनजी-टूल्स बसवा आणि त्याच्या सेटिंग फाइलमध्ये एचआरएनजीडिव्हाइस या ओळीत डेव्ह/एचडब्ल्यूआरएनजी लिहा. तिथे डेव्ह/युरँडम कधीही लिहू नका. अनेक ठिकाणी हा उपाय सुचवलेला दिसतो आणि तो धोक्याचा आहे : कर्नलचेच आकडे कर्नलला परत दिले जातात, नवं काही मिळत नाही, तरी साठा वाढल्याची नोंद मात्र होते.

प्रश्न : एंट्रॉपी_अव्हेल (कर्नलच्या साठ्यात किती रँडम बिट आहेत हे सांगणारा आकडा) पूर्वी तीन हजारांच्या वर असायचं. सिस्टिम अपडेट केल्यापासून ते २५६ वर अडकलंय. जनरेटर बंद पडला का?

उत्तर : नाही. पूर्वी साठा ४०९६ बिटांचा होता. २०२२ मध्ये आलेल्या ५.१८ कर्नलपासून २५६ म्हणजेच पूर्ण भरलेला साठा, आणि एकदा भरला की तो आकडा खाली येत नाही. जनरेटर चालतोय का, हे या आकड्यावरून ठरवू नका.

प्रश्न : एकाच मेमरी कार्डाच्या प्रती करून आठ बोर्ड चालवायचे आहेत. सगळ्यांचे रँडम आकडे सारखेच येतील का?

उत्तर : हार्डवेअर जनरेटर चालू असेल तर येणार नाहीत. पण मूळ कार्डावर आधीच तयार झालेल्या किल्ल्या (यंत्राची ओळख पटवणारे गुप्त आकडे) प्रतींमध्ये जशाच्या तशा जातात. इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण आठही बोर्ड व्यवस्थित चालतात आणि संशय यायला काही कारणच उरत नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरची यंत्रं तपासली, तेव्हा राउटरसारख्या छोट्या उपकरणांत सारख्या किंवा फोडता येण्याजोग्या किल्ल्या मोठ्या प्रमाणावर सापडल्या. बूट झाल्याबरोबर, साठ्यात पुरेसे रँडम आकडे नसताना किल्ल्या बनवणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

प्रत काढण्याआधी बोर्ड बंद करून मूळ कार्ड दुसऱ्या लिनक्स संगणकाला लावा आणि त्यावरून तीन गोष्टी साफ करा : ईटीसी/एसएसएच फोल्डरमधल्या होस्ट-की फाइली (दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचच्या किल्ल्या), व्हार/लिब/सिस्टिमडी फोल्डरमधली रँडम-सीड फाइल (पुढच्या बूटसाठी जपून ठेवलेले रँडम आकडे) आणि ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी. ही शेवटची फाइल काढू नका, नुसती रिकामी करा. मग त्याच संगणकावर लगेच प्रत घ्या. बोर्ड चालू असतानाच साफ केलंत किंवा मध्ये तो पुन्हा चालू केलात, तर बंद होताना नवी सीड फाइल लिहिली जाते आणि तीच सगळीकडे जाते.

होस्ट-की नसेल तर एसएसएच सुरूच होत नाही, म्हणून पहिल्या वेळी प्रत्येक बोर्डाला कीबोर्ड आणि स्क्रीन जोडा. आधी आरएनजी_करंट पाहा, मगच 'एसएसएच-कीजेन -ए' (कॅपिटल ए) चालवा. नंतर '-एलएफ' लावून दोन-तीन बोर्डांचे फिंगरप्रिंट (किल्लीची छोटी खूण) शेजारी ठेवून ताडून बघा. दोन सारखे निघाले तर त्या दोन्ही बोर्डांवरच्या किल्ल्या काढून पुन्हा बनवा.