हरल्यानंतरचा आठवडा

अगं, बास्केटबॉलची झोनलची मॅच गेली म्हणून तू धड जेवत नाहीस हे ऐकून वाईट वाटलं. रड हवं तेवढं, पण स्कोअरशीटही मागवून घे. आपण शेवटच्या मिनिटात हरलो नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये आपले चार फाउल लवकर भरले; पाचव्यापासून समोरच्यांना दोन-दोन फ्री थ्रो मिळत गेले. पाय थकले की हात पुढे जातो, तिथेच फाउल होतो.

प्रेसचं, म्हणजे समोरच्या मुली कोर्टभर अंगावर येऊन अडवतात त्याचं, मात्र नीट समजून घे. 8 सेकंदांत मधली रेषा ओलांडायची म्हणून तू ड्रिबल करत कडेला पळतेस आणि ओलांडल्या ओलांडल्या दोघी येऊन तुला कोंडतात. बाजूला साइडलाइन, मागे मधली रेषा, सुटायला जागाच नाही. त्यापेक्षा मधे उभ्या असलेल्या उंच मुलीला पास दे आणि लगेच पुढे पळ. बॉल पासनेच वेगात जातो.

जिचा शेवटचा शॉट चुकला तिला कुणीही बोलायचं नाही. डबा तिच्यासोबत खा.

आणि सकाळी रंकाळ्याला फेरी मारून आलीस की दमलेली असतानाच फ्री थ्रो मार. 5 सेकंद असतात, घाई करू नकोस.