कमांडरचा सी मोठा की लहान?

प्रश्न : मी मुख्यतः मराठीत लिहिते, अधूनमधून इंग्रजीतही. अ‍ॅक्सिअम-४ या अंतराळ मोहिमेवर इंग्रजीत एक लेख दिला होता, त्यात कमांडर, पायलट, मिशन स्पेशालिस्ट हे शब्द सगळीकडे कॅपिटलने सुरू केले होते. संपादकांनी बहुतेक ठिकाणी स्मॉल केले आणि एकदोन ठिकाणी मात्र तसेच ठेवले, मला त्यात काही सूत्र दिसेना. आणि खरं सांगू का, जीव धोक्यात घालून वर जाणाऱ्या माणसांच्या पदाला साधं एक कॅपिटलही नाही, हे खटकलंच. नक्की नियम काय आहे?

उत्तर : तुमचे संपादक बरोबर आहेत हो, आणि सूत्रही आहे, फक्त त्यांनी ते तुम्हाला सांगितलं नाही इतकंच. पद नावाला चिकटून नावाच्या आधी आलं तर कॅपिटल, नावापासून सुटलं की स्मॉल. म्हणजे 'कमांडर व्हिटसन म्हणाल्या' असं लिहिताना सी मोठा, पण 'पेगी व्हिटसन या मोहिमेच्या कमांडर होत्या' किंवा नुसतं 'कमांडरने यान तपासलं' असं असेल तर सी लहान. इंग्रजी लेखनाच्या नियमांची शिकागो मॅन्युअल घ्या नाहीतर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची स्टाइलबुक घ्या, बाकी शंभर गोष्टींवर त्यांचं पटत नसेल पण इथे दोघांचं एकमत आहे. मध्ये 'द' आला किंवा स्वल्पविराम आला की ते वर्णन झालं, मग नाव लगेच पुढे असलं तरी स्मॉलच.

आता चिकटलंय की नाही हे कसं ओळखायचं, तर मी एक साधी कसोटी वापरते, त्या शब्दाने त्या माणसाला हाक मारता येते का बघायचं. 'कमांडर व्हिटसन' अशी हाक कानाला ठीक वाटते. 'मिशन स्पेशालिस्ट कापू, जरा इकडे या' असं कोण म्हणणार? अ‍ॅक्सिअम-४ वर टिबोर कापू आणि स्लावोश उझनान्स्की हे दोघं मिशन स्पेशालिस्ट होते, पण ते त्यांचं काम होतं, हाक मारायचं बिरुद नव्हे, त्यामुळे तिथे मी नावाच्या आधी आलं तरी स्मॉल ठेवीन. शुभांशू शुक्ला यांच्या बाबतीत तर एकाच माणसात दोन्ही प्रकार दिसतात. ते त्या यानाचे पायलट होते, ते स्मॉल, पण ग्रुप कॅप्टन ही हवाई दलाची रँक आहे, ती नावाआधी येते तेव्हा दोन्ही शब्द कॅपिटल. तुमच्या लेखात जे एकदोन कॅपिटल टिकले ते बहुधा असेच असणार, जाऊन बघा.

मान-अपमानाचं म्हणाल तर मला ते पटत नाही. ही पदं म्हणजे त्या त्या उड्डाणातली सीट असते, माणसाला कायमची लागलेली पदवी नाही. सुनीता विल्यम्स यांचंच बघा ना, ५ जून २०२४ ला स्टारलायनर यानातून निघाल्या तेव्हा त्या पायलट होत्या आणि बुच विल्मोर कमांडर, अंतराळ स्थानकावर पोचल्यावर एक्सपिडिशन ७१ मध्ये, म्हणजे तिथे मुक्कामी असलेल्या ७१ व्या तुकडीत, फ्लाइट इंजिनीअर झाल्या, सप्टेंबरपासून एक्सपिडिशन ७२ च्या कमांडर म्हणजे अख्ख्या स्थानकाच्या प्रमुख, आणि मार्च २०२५ मध्ये क्रू-९ च्या ड्रॅगनमधून परत आल्या तेव्हा यानाचे कमांडर निक हेग आणि विल्यम्स मिशन स्पेशालिस्ट. एकाच फेरीत चार पदं! त्या काही मधेच मोठ्या आणि मधेच लहान झाल्या नाहीत, जबाबदारी बदलली. या सगळ्या काळात न बदललेली गोष्ट म्हणजे त्यांची नौदलातली कॅप्टन ही रँक, ती माणसाबरोबर फिरते. म्हणून इंग्रजीत रँकला नावाआधी हक्काचं कॅपिटल मिळतं आणि सीटला मिळेलच असं नाही.

प्रश्न : पण नासाच्या स्वतःच्या मजकुरात तर ही पदं सर्रास कॅपिटलमध्ये दिसतात. मग नासाचंच चुकतंय का?

उत्तर : चुकत नाहीये, घरातली पद्धत वेगळी असते. कुठल्याही कचेरीत जा, तिथल्या परिपत्रकात साहेबांचं पद कॅपिटलमध्येच असतं. शिवाय नियमांच्या कागदांत एखाद्या शब्दाची व्याख्या एकदा केली की पुढे तो मोठ्या अक्षराने चालवायचा रिवाज आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या क्रूसाठी जी आचारसंहिता आहे तिच्यात कमांडर सगळीकडे कॅपिटलने आहे, कारण स्थानकावर कोणाचा शब्द चालणार, शिस्त कोण लावणार, हे तिथे कायद्याच्या भाषेत ठरवलेलं आहे. त्या कागदात तो सी काहीतरी काम करतो. तुमच्या लेखात तो नुसता उभा राहतो, आणि एका परिच्छेदात असे आठ-दहा उभे राहिले की वाचणाऱ्याचे डोळे दुखायला लागतात.

आर्टेमिस-२ या चांद्रमोहिमेच्या क्रूमध्ये क्रिस्टिना कॉक मिशन स्पेशालिस्ट १ आणि जेरेमी हॅन्सन मिशन स्पेशालिस्ट २, तिथे आकडा लागलाय म्हणजे ते सीटचं लेबल झालं, तिथे कॅपिटल ठेवलं तर मी भांडणार नाही. तक्त्यात किंवा फोटोखालच्या ओळीत पहिला शब्द कॅपिटल असतो तो ओळीची सुरुवात म्हणून, त्यावरून लेखातला नियम काढू नका. आणि सीडीआर (कमांडर), सीएमपी (कमांड मॉड्यूल पायलट), एलएमपी (लूनर मॉड्यूल पायलट) ही लघुरूपं सगळी कॅपिटल आहेत म्हणून पूर्ण शब्दही कॅपिटल, हा गैरसमज तर फारच पसरलाय. एटीएम कॅपिटल लिहितो म्हणून त्याचं पूर्ण रूप आपण कॅपिटल करतो का?

प्रश्न : 'लूनर मॉड्यूल पायलट' स्मॉलमध्ये लिहिलं तर वाचकाला वाटेल की चांद्रयान त्याने चालवलं. कॅपिटल केलं तर निदान कळतं की हे अधिकृत पदनाम आहे. हा मुद्दा पटतो का?

उत्तर : अर्धा पटतो, आणि कॅपिटलच्या बाजूने ऐकलेला हा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. ११ व्या अपोलोत बझ ऑल्ड्रिन लूनर मॉड्यूल पायलट होते, पण जुलै १९६९ मध्ये ते यान हाताने चंद्रावर उतरवलं कमांडर नील आर्मस्ट्राँग यांनी, ऑल्ड्रिन शेजारी उभे राहून उंची आणि वेगाचे आकडे वाचून दाखवत होते. शटलमध्येही तोच प्रकार, धावपट्टीवर उतरवण्याचं काम सहसा कमांडरचं आणि पायलट त्याचा जोडीदार. म्हणजे पदनामातला पायलट आणि आपल्या बोलण्यातला पायलट एक नव्हेत, इथवर तुमचं बरोबर.

पण मोठा पी टाकल्याने हे वाचकाला कसं कळणार हो? त्याला मोठा पी दिसेल आणि तो म्हणेल, अच्छा, मोठा पायलट. त्यापेक्षा अर्ध्या ओळीत सांगून टाका की हे नाव पायलटचं, काम यंत्रणांवर लक्ष ठेवायचं.

याहून गंमत १२ व्या अपोलोची. नोव्हेंबर १९६९, पीट कॉनराड, डिक गॉर्डन, अ‍ॅलन बीन, तिघेही अमेरिकी नौदलाचे आणि उड्डाणाच्या वेळी तिघांचीही रँक कमांडर! मोहिमेचा कमांडर मात्र एकटा कॉनराड. आता 'कमांडर बीन' हे कॅपिटलने लिहिलं तर ते शंभर टक्के बरोबर आणि तरीही वाचकाची दिशाभूल करणारं. अशा ठिकाणी सरळ 'मोहिमेचा कमांडर' आणि 'नौदलातला कमांडर' असं फोडून लिहायचं. आणि २००३ च्या कोलंबिया उड्डाणात रिक हजबंड कमांडर होते आणि मायकल अँडरसन पेलोड कमांडर, म्हणजे प्रयोगांची जबाबदारी त्यांची. तिथे नुसतं 'कमांडर' लिहून पुढे गेलात तर कोणता हा प्रश्न उरतोच, मग अक्षर कुठलंही असो.

प्रश्न : अंतराळवीर म्हणजे अ‍ॅस्ट्रोनॉट हा शब्द नावाआधी आला तर?

उत्तर : स्मॉल. असोसिएटेड प्रेसच्या स्टाइलबुकमध्ये याला उदाहरणच जॉन ग्लेन यांचं आहे, कारण तो व्यवसाय झाला, पद नाही. कॉस्मोनॉटचंही तेच. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझ टी-११ वर गेले तेव्हा रिसर्च कॉस्मोनॉट होते, तेही स्मॉल, आणि मूळ रशियनमध्ये तर अशी पदं लहान अक्षरानेच लिहितात. उलट जर्मन मजकुरावरून भाषांतर करत असाल तर सांभाळा, तिथे प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि ते तसंच्या तसं इंग्रजीत उतरतं.

प्रश्न : मिशन कंट्रोलमधल्या लोकांचं काय? फ्लाइट डायरेक्टर, कॅपकॉम वगैरे?

उत्तर : तोच नियम. 'फ्लाइट डायरेक्टर जीन क्रॅन्झ' कॅपिटल, 'क्रॅन्झ फ्लाइट डायरेक्टर होते' स्मॉल. फक्त हेडसेटवर त्यांना नुसतं 'फ्लाइट' म्हणतात, तो संवाद जसाच्या तसा छापत असाल तर तिथे कॅपिटल करा, कारण तेवढ्यापुरतं ते त्यांचं नावच आहे. कॅपकॉम हे कॅप्सूल कम्युनिकेटरचं लघुरूप, कोणी सगळं कॅपिटल लिहितं कोणी सगळं स्मॉल, दोन्ही चालतं, पण एका लेखात एकच काय ते ठरवा.