दोन-तीन एकरवाल्याला ठिबक घ्यायला कसं तयार करावं?

आधी पैशाचं गणित सोडवा, भाषण नंतर. महाराष्ट्रात अल्प व अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याचं पूरक २५ टक्के, असं ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पण ते ठरलेल्या मापदंडाच्या खर्चावर, आणि संच बसवून तपासणी झाल्यावर खात्यात येतं. तोवर रक्कम कुणी अडकवायची? गाडी इथेच अडते. गट, सोसायटी किंवा विक्रेत्याची उधारी आधी ठरवा. महाडीबीटीवर (अनुदानाच्या अर्जाचं सरकारी पोर्टल) पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू देऊ नका, अनुदान हातचं जातं.

दुसरं, खर्च सरीच्या अंतरावर ठरतो. उसात ४ फुटी सरीला एकरी सुमारे ३,३०० मीटर लॅटरल (पिकाच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी) लागते, ६ फुटीला २,२००. म्हणजे लागवड बदलली तरच ठिबक परवडतं, हे लागणीआधी सांगायला हवं.

संपूर्ण रान एकदम नको, अर्ध्या एकरापासून सुरुवात करा. मेन पाइप मात्र पुढचा विचार करून मोठा घ्या.

ठिबक बदनाम होतं ते चोकअपमुळे, म्हणजे नळ्यांची भोकं तुंबल्यामुळे. विहीर-शेततळ्याच्या शेवाळी पाण्याला सँड फिल्टर हवाच, नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागत नाही, आणि पैसे वाचवायला नेमका सँड फिल्टरच वगळतात. आठवड्याला सबमेन (मेन पाइपमधून लॅटरलना पाणी देणारा पाइप), पंधरवड्याला लॅटरलची टोकं उघडून धुवायची. क्षार साचत असतील तर आम्लप्रक्रिया, म्हणजे संचातून आम्ल सोडून क्षार विरघळवणं. हे शिकवायला विक्रेत्याचा माणूस बिल झाल्यावरही दोनदा यायला हवा. तशी अट खरेदीतच घाला.