परदेशी अनुदान मंजूर झालंय, पण त्याचा हिशेब कोण आणि कसा सांभाळणार?

प्रश्न असा: "नंदुरबार जिल्ह्यात आमची छोटी संस्था आहे, एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी आहे. दुर्गम पाडे आणि रस्त्याकडेची गावं यांच्यातली दरी कमी करण्यासाठी युरोपातल्या एका फंडरने ३ वर्षांचं अनुदान मंजूर केलंय. निधीचं व्यवस्थापन कसं करावं? वेगळा अकाउंटंट ठेवायचा की को-ऑर्डिनेटरच बघेल?"

शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. को-ऑर्डिनेटरने बघायचं नाही. अकाउंटंट ठेवायचा, आणि तो पुण्यात नाही, धडगाव किंवा शहाद्यात ठेवायचा. का, ते सांगतो.

असल्या संस्थांच्या एफसी, म्हणजे परदेशी निधीच्या, हिशेबाच्या फायली मी तपासतो. त्यातली एक फाईल डोक्यातून जात नाही. मोलगीच्या बाजूच्या एका पाड्यावर महिलांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. हजेरीपत्रकावर ६२ नावं. सात पाड्यांतून बायका आल्या होत्या, कुणी चालत फाट्यापर्यंत आणि तिथून काळी-पिवळीने. प्रत्येकीला येण्याजाण्याचे सरासरी १२० रुपये दिलेले, एकूण ७,४४० रुपये. जीपवाला तिकीट देत नाही, हे तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फंडरने नेमलेल्या ऑडिटरला माहीत नव्हतं. पेमेंट शीटवर नाव, रक्कम आणि अंगठा एवढंच. कुठून कुठे आली, दर कुणी ठरवला, अंगठ्याला साक्षीदार कोण, काही नाही. वर, हजेरीपत्रकावर ६२ आणि फोटोत मोजून ३८ डोकी, कारण फोटो दुपारी जेवणाच्या वेळी काढलेला. सगळा प्रवासखर्च अमान्य झाला. ७,४४० रुपये संस्थेच्या स्थानिक खात्यातून भरून काढावे लागले.

इथपर्यंत काही विशेष नाही, असं सगळीकडे होतं. पुढचं ऐका. को-ऑर्डिनेटरने यातून धडा घेतला आणि पुढचं प्रशिक्षण शहाद्यात हॉल घेऊन केलं. हॉलचं जीएसटीसकट बिल, केटररचं पक्कं बिल, बॅनरचं बिल, गाडीचं बिल. हजेरी ६०. ऑडिट एकदम स्वच्छ. फक्त पाड्यांचा रकाना कुणी बघितला नाही. सर्वांत लांबच्या तीन पाड्यांतली एकही बाई त्यात नव्हती. ६० जणी रस्त्याकडेच्या गावांतल्या होत्या. अहवालात "प्रशिक्षित महिला: ६०" असंच गेलं, आणि फंडरने कौतुकाची मेलही पाठवली.

दरी कमी करायच्या पैशाचं नेमकं इथे बिनसतं. पक्कं बिल जिथे मिळतं तिकडे पैसा आपोआप वाहत जातो, आणि पक्कं बिल रस्त्याला लागून मिळतं. जिथे बिल मिळत नाही तिथे खर्चाचा पुरावा कसा उभा करायचा, हे ज्याला जमतं त्यालाच हा निधी सांभाळता येतो. बाकीचं कोणताही सीए शिकवेल.

तर पहिलं काम दरपत्रकाचं, आणि तेही पहिला हप्ता यायच्या आधी. अकाउंटंट, को-ऑर्डिनेटर आणि बचत गटाच्या दोन बायका अशा चौघांनी एकत्र बसून प्रत्येक पाड्यापासून प्रशिक्षणाच्या ठिकाणापर्यंतचं खरं भाडं लिहायचं: पायी किती, जीपने किती, पावसाळ्यात किती. पावसाळ्याचा दर वेगळा असतो, तो विसरला की जुलैपासून बोंब. हे एक पान फंडरला मेल करून "मान्य" असं लेखी उत्तर घ्यायचं आणि त्या उत्तराची प्रत प्रत्येक प्रवास व्हाउचरला जोडायची. पेमेंट शीटला रकाने हवेत: नाव, पाडा, कुठून कुठे, दरपत्रकातला क्रमांक, रक्कम, सही किंवा अंगठा, साक्षीदाराचं नाव आणि सही. पैसे निघताना द्या, आल्या आल्या नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशीची हजेरी निम्मी. अंगठे शीटवरच उमटवून घ्या, कोऱ्या कागदावर नंतरसाठी घेऊन ठेवू नका. सगळे अंगठे एकाच जोराने, एकाच कोनात उमटलेले असले की ऑडिटर कागद उजेडाकडे धरतो. फोटो दोन काढा, सकाळी ११ ला आणि दुपारी ४ ला, आणि शीटवर दोन्ही वेळची डोकी लिहा. ६२ च्या जागी ५५ निघाल्या तर ५५ लिहा. जेवणाची ताटंही तेवढीच.

एका माणसाला एका दिवसात रोख १०,००० च्या वर देऊ नका, आयकरात तो खर्च धरला जात नाही. ५,००० च्या वरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प. मूळ बिलावर प्रकल्पाचा शिक्का मारा, नाहीतर तेच बिल चुकून दुसऱ्या फंडरच्या फाईलला लागतं. त्याला चूक म्हणून कुणी सोडत नाही.

आता एफसीआरएचं. पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या तुमच्या एफसीआरए खात्यातच येणार, २०२० च्या दुरुस्तीपासून दुसरी वाट नाही. तिथून शहाद्याच्या वापर खात्यात, म्हणजे जिथून खर्च करायचा त्या खात्यात, वळवायचा. वापर खाती कितीही उघडा, पण प्रत्येकाची माहिती एफसी-६डी या फॉर्ममध्ये ४५ दिवसांत गेली पाहिजे. फंडरला थेट शहाद्याचा खाते क्रमांक देऊ नका. हे लिहायची गरज नसावी, पण लोक देतात. फंडर तुमच्याकडून १० टक्के स्वहिस्सा मागत असेल तर ती रक्कम एफसी खात्यात भरायची नाही. देशी पैसा तिथे गेला की सरमिसळ झाली. स्थानिक खात्यातून खर्च करा आणि अहवालात वेगळ्या रकान्यात दाखवा. एफसी खात्यावरचं व्याज मात्र परदेशी निधीच धरलं जातं, ते देशी उत्पन्नात टाकू नका.

२० टक्क्यांच्या मर्यादेवर सगळ्यांची गाडी अडते. २०२० पूर्वी प्रशासकीय खर्चाला ५० टक्क्यांपर्यंत मुभा होती, आता २०. आणि प्रशासकीय म्हणजे काय ते फंडरच्या बजेटवरून ठरत नाही, एफसीआरए नियमावलीतल्या नियम ५ वरून ठरतं. फंडरच्या बजेटात अकाउंटंटचा पगार "प्रोजेक्ट स्टाफ"मध्ये बसलेला असतो, नियम ५ मध्ये तो प्रशासकीय. ऑफिसचं भाडं, वीज, फोन, गाडी चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च, अहवाल लिहिण्याचा खर्च, वकील आणि सीएची फी, सगळं प्रशासकीय. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार मात्र त्यातून वगळलेला आहे, कारण तेच मूळ काम. म्हणून टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक व्हाउचरला पहिल्या दिवसापासून दोन खुणा लावा: फंडरची बजेट ओळ आणि नियम ५ चा वर्ग. मार्चमध्ये बसून मागचं सगळं वर्गीकरण करणारे मी पाहिलेत. त्यांची आकडेमोड जुळते, फक्त खरी नसते.

आणखी एक सापळा, तो कुणी सांगत नाही. ही मर्यादा त्या आर्थिक वर्षात आलेल्या रकमेवर धरली जाते. शेवटचा हप्ता बहुतेक फंडर अंतिम अहवालानंतर देतात. समजा तिसऱ्या वर्षी १२ लाखच आले. तुमची मर्यादा झाली २,४०,०००. ऑफिस भाडं आणि अकाउंटंट मिळून महिना ३५,००० असेल तर वर्षाचे ४,२०,०००. मर्यादा मोडली, आणि तुम्ही काहीही गैर केलेलं नाही. करार करतानाच हप्त्यांचं वेळापत्रक एप्रिल ते मार्च या वर्षात मांडून बघा आणि शेवटचा राखीव हप्ता जितका लहान करून घेता येईल तितका घ्या.

विनिमय दराचं गणितही आधीच मांडा. समजा बजेट केलं ८५ रुपये युरोने. पहिला हप्ता ४०,००० युरो ८८.२० ने आला, दुसरा ३०,००० युरो ९१.४० ने. हातात पडले ६२,७०,०००, सरासरी दर ८९.५७. तुम्ही बजेटप्रमाणे इमानदारीत ५९,५०,००० खर्च केले तर युरोत ते ६६,४०० च्या आसपास दिसतात, आणि फंडर विचारतो साडेतीन हजार युरो कुठे गेले. गेले कुठेच नाहीत, रुपया पडला. सरासरी दराने हिशेब करायचा की आधी आलेला पैसा आधी संपला असं धरायचं, हे करारात लिहून घ्या. वाढीव रुपये कुठल्या कामाला वापरायचे तेही. शिल्लक परत पाठवायची वेळ आणू नका, ते शेवटच्या हप्त्यात वळतं करायचं कलम टाका. आणि मधली बँक पाठवतानाच काही रक्कम कापते. जमा झालेल्या आकड्याबरोबर पाठवलेला आकडाही नोंदवा, नाहीतर फंडरची आणि तुमची पहिली ओळच जुळणार नाही.

एफसीआरएच्या कलम ७ मुळे हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, ती संस्था नोंदणीकृत असली तरी. बचत गटाला किंवा पाणी समितीला फिरतं भांडवल म्हणून रक्कम देण्याचाही मोह टाळा. बियाणं, टाकी, पाईप स्वतः खरेदी करा आणि वाटपाची सह्यांची यादी ठेवा. या बंदीने पाड्यावरच्या लहान संस्थांचं कंबरडं मोडलं असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी मोठी संस्था पैसा आणायची आणि नोंदणी असलेल्या धाकट्या संस्थेला द्यायची. आता इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारा शहरी कार्यालयवालाच थेट घेतो आणि थेट खर्च करतो. तुम्ही तिथलेच आहात आणि तुम्हाला थेट मिळालंय, म्हणून तर ते शहाद्याच्या हॉलमध्ये घालवू नका असं सांगतोय.

आता त्या को-ऑर्डिनेटरच्या प्रश्नाकडे. या क्षेत्रात एक वाक्य फार फिरतं: "अकाउंटंट म्हणजे ओव्हरहेड." हे मला तोंडावर ऐकवलं गेलंय, भर बैठकीत, वरच्या शहाद्याच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला तेव्हा. खर्च करणारा आणि खर्च तपासणारा एकच माणूस असेल तर तो स्वतःची अडचण टाळायला कार्यक्रमाची जागा बदलतो, आणि ते कागदावर कुठेही दिसत नाही. तो अप्रामाणिक नसतो, दमलेला असतो. अकाउंटंटला तिमाहीतून एकदा पाड्यावर घेऊन जा, काळी-पिवळीने, संस्थेच्या गाडीने नाही. एकदा त्या जीपच्या मागच्या फळीवर बसून आला की तिकीट मागणार नाही, दरपत्रक मागेल. आणि लाभार्थी रजिस्टरला दोन रकाने जोडा: पाडा आणि डांबरी रस्त्यापासूनचं अंतर. दर तिमाहीला खर्च गावनिहाय नाही, पाडानिहाय मांडा. त्या बैठकीत मी एवढंच म्हणत होतो.

अकाउंटंटचा पूर्ण पगार परवडत नसेल तर दुसऱ्या प्रकल्पाबरोबर वाटून घ्या, पण किती टक्के वेळ कुठे, याची टाइमशीट महिन्याला भरून सहीची हवी. वर्षाखेरीला एका बैठकीत भरलेल्या बारा टाइमशीट ओळखू येतात, पेन एकच असतो.

राहिलेलं: फंडरचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल तर तिमाही ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता) काढून ठेवा, दोन्ही अहवाल त्यातूनच निघतात. एफसी-४ ची, म्हणजे सरकारला द्यायच्या परदेशी निधीच्या वार्षिक विवरणाची, मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने, म्हणजे ३१ डिसेंबर. त्याच महिन्यात फंडरचा वार्षिक अहवालही येतो, त्यामुळे एफसी-४ सप्टेंबरमध्येच उरका. जीएसटी तुम्हाला परत मिळत नसेल तर तो खर्चात धरला जाईल का, हे फंडरकडून लेखी घ्या.

हेही लक्षात ठेवा की एफसीआरएचे नियम आणि फॉर्म सतत बदलतात. मी लिहिलेलं तुमच्या सीएला दाखवून, गृह मंत्रालयाच्या ताज्या सूचना बघूनच वापरा. पाणी समितीसारख्या प्रकरणात सीएंचंही एकमत नसतं. आणि आजच नोंदणी प्रमाणपत्र काढून त्यावरची तारीख बघा. ते पाच वर्षांचं असतं. तुमचा प्रकल्प तीन वर्षांचा आहे, म्हणजे नूतनीकरण मध्येच कुठेतरी येण्याची शक्यता मोठी. मुदत संपायच्या निदान चार महिने आधी नूतनीकरणाचा फॉर्म एफसी-३सी भरलेला हवा. तोवर पदाधिकारी बदलले असतील तर त्याआधी त्या बदलाचा फॉर्म एफसी-६ई.